एक्केचाळीस आणि बेचाळीस

“मला कोण विचारतंय म्हणा,” बाबा शर्टाच्या कॉलरला म्हणाले आणि तिच्यावरून इस्त्री फिरवली.

लाँड्रीत पुढे काउंटरवर आई बसायची, मागे इस्त्रीच्या टेबलाशी बाबा उभे. आईला जे सांगायची सोय नव्हती ते बाबा कपड्यांना सांगत. त्या दुपारी काउंटरवर दोन चिठ्ठ्या पडल्या होत्या, आणि बाबांचं मत अजून कुणी घेतलं नव्हतं.

शाळेत तंदुरुस्तीची चाचणी झाली होती. मुलांना लाज वाटू नये म्हणून नावं न घालता नुसते छातीवर नंबर लावले होते. आधी प्रत्येकाने स्वतःला शंभरपैकी गुण द्यायचे, मग खेळाचे सर मोजणार. घरातल्या जुळ्यांपैकी अकरा मिनिटांनी मोठा तो पैलवान, नंबर एक्केचाळीस. त्याने स्वतःला पंचाण्णव दिले होते. पाच नम्रपणाचे कापून. मोजून निघाले चौतीस. धाकटी ढब्बू, नंबर बेचाळीस. तिने स्वतःला दिले वीस, मोजून निघाले एक्क्याण्णव.

“बदलल्यात,” आई म्हणाली.

“बदलल्याच असणार,” ढब्बू लगेच म्हणाली. “मला तर सरांनी मधेच थांबवलं. ‘पुरे, थांब आता,’ म्हणाले. मला वाटलं, मी काहीतरी चुकतेय.”

“आणि तू रे?”

“मी पळतापळता अकराव्या शिट्टीला बसलो,” पैलवान म्हणाला. “बुटाची नाडी सुटली होती.”

मुलामुलींना वेगवेगळं पळवल्यामुळे एकमेकांचं कुणीच पाहिलं नव्हतं. शिवाय चिठ्ठ्या उलट्या लावल्या की हिशेब कसा चापूनचोपून बसत होता. पैलवान रोज सकाळी आरशासमोर डंबेल्स उचलायचा, दंड फुगवून मोबाइलमध्ये फोटो काढायचा. ढब्बू मात्र लहानपणापासून गोलमटोल, म्हणून पाच वर्षांपूर्वी आईने घरपोच द्यायची सगळी गाठोडी तिच्याकडे सोपवली होती. “तेवढाच व्यायाम होईल पोरीला.” पैलवानाचं शरीर मुळातच तयार, त्याला कशाला दमवायचं? दातांच्या डॉक्टरांचे कोट तिसऱ्या मजल्यावर, हॉटेलच्या चादरी पाचव्या मजल्यावर. लिफ्ट दोन्हीकडे नव्हती.

“एखाद्या दिवशी दोघांना जिन्यावर पळवा की,” बाबा बाहीला म्हणाले.

“काय म्हणालात?”

“काही नाही. बाहीला सुरकुती आहे.”

खरी गोम वेगळीच होती. नव्वदच्या वर गुण असलेल्यांना शाळा आठ दिवस डोंगरावर कॅम्पला नेणार होती. ढब्बूने ती सूचना वहीत उतरवून घेतली होती, खाली टॉर्चपासून सुईदोऱ्यापर्यंत सामानाची यादीही केली होती आणि मग “आपल्याला कुठलं जमायला” म्हणून ते पान दुमडून टाकलं होतं. एक्क्याण्णवची चिठ्ठी हातात आल्यावर तिने ते पान उलगडलं होतं. आता ती पुन्हा घडी घालत होती. लाँड्रीतली मुलगी, घडी अगदी रेषेत पडली.

आई दोन्ही चिठ्ठ्या घेऊन तडक खेळाच्या सरांकडे गेली.

“तसं होणार नाही हो ताई,” सर म्हणाले. “मी स्वतः लिहिलंय.”

“सर, मी बावीस वर्षं नंबर लावते कपड्यांना. एक्केचाळीसचं बेचाळीसला माझ्याकडून जातं, तर तुमच्याकडून का नाही जाणार? गेल्या महिन्यात तुमची पँट आठवते ना?”

सरांना आठवली. ते अख्खा दिवस बँकेच्या मॅनेजरची पँट घालून मुलांना उड्या मारायला शिकवत होते, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना वाटत होतं की आपणच बारीक झालो. ज्या माणसाला स्वतःची कंबर ओळखता आली नाही, त्याने दुसऱ्यांच्या फुफ्फुसांबद्दल छातीठोक काय बोलावं? सरांनी लाल पेनने दुरुस्ती केली.

पैलवान कॅम्पच्या यादीत गेला. ढब्बूचं नाव पडलं रोज शाळेनंतरच्या विशेष व्यायामवर्गात. आता वर्ग संध्याकाळी आणि गाठोडी पोचवायची वेळही संध्याकाळीच. तेव्हा गाठोडी आपोआप पैलवानाकडे आली.

“जा रे बाळा, तुला काय, दोन मिनिटांचं काम,” आई म्हणाली.

पहिल्या दिवशी पाऊण तासाने दुकानातला फोन वाजला. डॉक्टरांच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी होत्या. “अहो, तुमचा मुलगा आमच्या पायरीवर बसलाय. तिसरा ग्लास पाणी चाललंय त्याचं. तब्येत बरी आहे ना?”

“बरी म्हणजे? शंभरात एक्क्याण्णव आहे!” आई म्हणाली. “बुटाची नाडी बांधत असेल.”

दुसऱ्या दिवशी पैलवानाने डोकं लढवलं. दोन्हीकडची गाठोडी एकदम घेऊन दोनदा चालणं वाचवायचं. वाचलं काहीच नाही. डॉक्टरांच्या जिन्यात दोन्ही खाली टेकवून तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि निघताना हाताला लागलं ते गाठोडं वर देऊन आला. दातांच्या डॉक्टरांकडे हॉटेलच्या चादरी आणि चौदा उशांचे अभ्रे पोचले. हॉटेलमधल्या पाहुण्यांच्या पलंगांवर पांढरे कोट अंथरलेले निघाले.

“नंबर बघून देत जा ना रे!”

“डोळ्यांपुढे अंधारी आल्यावर नंबर कसे दिसणार?” पैलवान बोलून गेला आणि मग म्हणाला, “म्हणजे, जिन्यात दिवा नाहीये.”

आईने त्याला टॉर्च दिला.

तिकडे सरांचा वेगळाच गोंधळ चालू होता. विशेष वर्गातली बाकीची मुलं पाचव्या फेरीला गवतावर आडवी व्हायची. ढब्बू पळत राहायची. सर घड्याळ बघायचे, कानाला लावायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळाचा सेल बदलला, चौथ्या दिवशी मैदान टेपने मोजलं. मैदान जेवढ्यास तेवढं होतं.

“सर, थांबू का?” ढब्बू पळतापळता विचारायची. “माझं काही चुकतंय का?”

“नाही... म्हणजे... चालू दे.”

कॅम्पची यादी द्यायच्या आदल्या संध्याकाळी सर लाँड्रीत आले. मागोमाग वर्ग सुटलेली ढब्बू आली आणि सवयीने मोकळ्या हँगरांचा ढीग लावायला बसली.

“ताई, ते जरा... गुणांचं...” सर म्हणाले.

“बोला की.”

सरांनी ढब्बूकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, भिंतीवर मढवून लावलेल्या पैलवानाच्या दंडाच्या फोटोकडे पाहिलं. “माझी पँट झालीय का?”

“उद्या,” आई घाईघाईने म्हणाली. तिलाही आता पुढचं ऐकायचं नव्हतं. दिवसातून तीन फोन तिनेच घेतले होते.

मागे इस्त्री एकाच जागी थांबली होती. कापड करपल्याचा वास आला तरी बाबा बोलले नाहीत, कापडाशीसुद्धा.

तेवढ्यात पैलवान आत आला. हॉटेलच्या चादरींचं गाठोडं त्याच्या हातात तसंच होतं. चौथ्या मजल्यावरून परत आणलेलं. तो त्या गाठोड्यावरच बसला. ढब्बू उठली, त्याला पाण्याची बाटली दिली आणि गाठोड्याची गाठ धरून म्हणाली, “ऊठ, मी देऊन येते. तुला उद्या कॅम्पची तयारी करायचीय. माझ्या वहीत सामानाची यादी आहे, ती घे. सुईदोरा विसरू नकोस.”

पैलवान उठला नाही. बाटली तोंडाला लावून त्याने ती संपवली. मग त्याने डोंगराचा विचार केला. मग आठ दिवस रोज पाच मजल्यांचा. दोन्हीकडे चढच होता.

“सर,” तो म्हणाला, “कॅम्पला हिला न्या. चिठ्ठ्या बदलल्याच नव्हत्या. माझी नाडी सुटली नव्हती, मला दम लागला होता.”