लंगड्या बगळ्याचं तळघर

‘लंगडा बगळा’ पबात बिअर धो धो खपत होती आणि पुरुषांच्या मुतारीकडे मात्र कुणी फिरकत नव्हतं. शनिवारी दुपारी ही गोष्ट नॉरिस बिडलच्या ध्यानात आली आणि मग ती काही केल्या त्याच्या डोक्यातून जाईना. नॉरिसचा सगळा जन्म बस कंपनीत वेळापत्रकं बनवण्यात गेला होता. एका टोकाला आत गेलेली गोष्ट दुसऱ्या टोकाला बाहेर निघालीच पाहिजे, यावर त्याची श्रद्धा होती.

“ब्रेंडा, या आठवड्यात मुतारी कितीदा धुतलीस गं?” त्याने बायकोला विचारलं.

“धुवायला घाण तर व्हायला हवी,” ब्रेंडा म्हणाली आणि लगबगीने दुसरीकडे काहीतरी पुसायला निघून गेली.

नॉरिसला हे चमत्कारिक वाटलं, पण आज चौकशीला वेळ नव्हता. बिल्डरच्या घशात जाणारा हा पब गावकऱ्यांनी ईस्टरला वर्गणी काढून विकत घेतला होता आणि तेव्हापासून आळीपाळीने ते तो फुकट राबून चालवत होते. आधी पॉग्सनबाई, मग पाद्री ऑगल, आणि आता तळघराची पाळी नॉरिसकडे आली होती. पिंपात मुरणारी जुन्या पद्धतीची बिअर आणि गावोगावचे पब जगवायचा वसा घेतलेली जिल्ह्यातली हौशी मंडळी आज संध्याकाळी बिअरची परीक्षा घ्यायला येणार होती. त्यांनी मान डोलावली तर डोंगर चढायला येणारे लोक इकडे वळणार होते. नाही डोलावली, तर हिवाळ्याच्या आत पबाला कुलूप लागणार होतं. आणि नाव कुणाचं खराब होणार होतं? तळघरवाल्याचं!

म्हणून तर नॉरिसने तळघर आरशासारखं ठेवलं होतं. तरी डोक्यातला किडा वळवळतच होता. आठवडाभर एवढी बिअर विकली, ग्लास सगळे रिकामे परत आले, आणि गावात झिंगलेला एकही माणूस नाही? शेवटी त्याने तळघराचं दार बोटभर उघडं ठेवलं आणि फटीला डोळा लावला.

खिडकीशी पॉग्सनबाई बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, हात थरथरता. पण इकडेतिकडे बघून त्यांनी आपला ग्लास शेजारच्या नेच्याच्या कुंडीत असा सफाईने रिता केला, की एक थेंब बाहेर सांडला नाही. पाद्री ऑगलनी आपला ग्लास टेबलाखाली कुत्र्याच्या ताटलीत ओतला. कुत्र्याने ती हुंगली, तो शिंकला आणि उठून लांब जाऊन बसला. पोस्टमन डेरेकने तर थर्मास आणला होता.

नॉरिस तिथेच पायरीवर बसला. त्याला फार वाईट वाटलं. रिटायर झाल्यापासून घरी माशा मारत बसलेल्या या माणसाला तळघर हाती आल्यापासूनच्या महिनाभरात पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडल्यासारखं वाटत होतं. बिअर आंबट लागते हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण सगळं गाव ‘छान, छान’ करतंय म्हटल्यावर खोट आपल्या जिभेतच असणार, असं त्याने ठरवून टाकलं होतं. आपल्या वाटचा ग्लास तोही रोज गुपचूप बेसिनमध्ये ओतत होता.

तो ताडकन उठून वर आला. बिअर संपली किंवा बिघडली की पंपावरची पाटी उलटी फिरवायची, ही तिथली रीत. नॉरिसने सगळ्यांच्या देखत पाटी फिरवली.

“मंडळी, बिअर नासलीय. मला कळलंय सगळं.”

अशा वेळी कुणीतरी ‘हो’ म्हणावं की नाही? पण गाव इंग्लंडातलं. तोंडावर खरं बोलण्यापेक्षा ती माणसं विहिरीत उडी घेतील.

“नासलीय? कोण म्हणतं?” पाद्री ऑगल छातीवर हात ठेवून म्हणाले. “उत्तम आहे हो!”

“नॉरिस बाळा, इतकी छान बिअर मी लग्नातसुद्धा प्यायले नव्हते,” पॉग्सनबाई म्हणाल्या.

“मग कुंडीत का ओतलीत?”

“नेच्याला आवडते रे.”

“आणि डेरेक, तुझा थर्मास?”

“घरी नेतो. बायकोसाठी,” डेरेक म्हणाला. त्याच्या बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती.

“मग प्या ना माझ्यासमोर,” नॉरिस म्हणाला.

आता माघार कशी घ्यायची? डेरेकने उलटी पाटी सुलटी केली आणि पुन्हा सगळ्यांचे ग्लास भरले गेले. पॉग्सनबाईंनी डोळे मिटले. पाद्रीबुवा मनातल्या मनात काहीतरी पुटपुटले. सगळ्या पबाने एकदम ग्लास तोंडाला लावले आणि ‘आहाहा!’ म्हणत खाली ठेवले. ब्रेंडाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते प्रेमाने आलं की आंबटपणाने, ते तिचं तिलाच ठाऊक.

नेमकं त्याच क्षणी दार उघडलं. परीक्षक मंडळाच्या प्रमुख हिलरी स्टब्ज आत आल्या. बाकीचे परीक्षक बाहेर मिनीबसमध्ये बसून होते; बाईंनी खूण केल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

“वा! गाव पितंय की दणकून!” बाई खूश झाल्या. “मलाही द्या एक अर्धा ग्लास.”

नॉरिसने अर्धा ग्लास भरून पुढे ठेवला. बाईंनी तो उजेडात धरला, हुंगला, एक घोट घेतला आणि ग्लास काउंटरवर परत ठेवला.

“आंबलीय.”

त्या गावात असं स्पष्ट आजवर कुणी बोललं नव्हतं. एकच गिल्ला झाला.

“तुम्हाला काय कळतं हो!” पॉग्सनबाई काठी आपटत उठल्या. “आमच्या नॉरिसच्या बिअरला नावं ठेवता?”

“मला आणखी एक भरा!” पाद्री ऑगल ओरडले. त्यांचा चेहरा हिरवट दिसत होता.

“थांबा!” नॉरिस म्हणाला. पुढे होऊन त्याने हिलरीबाईंचे दोन्ही हात धरले. “बाई, म्हणजे माझी जीभ ठीक आहे? खरंच आंबट आहे ना?”

“व्हिनेगर आहे नुसतं! पिंप कसं आहे बघू.” बाई थेट तळघरात उतरल्या, मागोमाग सगळे. पिंपातली बिअर थेट काढून चाखली, ती चांगली निघाली. “ही तर झकास आहे. मग घाण वर पंपाकडे जाणाऱ्या पाइपात आहे. पाइप कधी धुतलात?”

“पाइप धुतात?” नॉरिसने विचारलं. “मला पाद्रीबुवांनी काही सांगितलं नाही.”

“मला वाटलं, पॉग्सनबाई धूत असतील,” पाद्री म्हणाले.

“मी फरशी धुतली,” पॉग्सनबाई म्हणाल्या. “त्या कोपऱ्यातल्या निळ्या डब्यातल्या औषधाने. चांगली निघते.”

“मीही त्यानेच धुतो,” नॉरिस म्हणाला.

हिलरीबाईंनी डब्यावरची चिठ्ठी वाचली. बिअरचे पाइप धुण्याचं औषध होतं ते. ईस्टरपासून अख्ख्या गावाने मिळून फरशी लखलखीत ठेवली होती आणि पाइपाला कुणी हात लावला नव्हता. आता कोण कुणाला बोलणार? बाईंनी बाह्या सरसावल्या. पाऊण तास पाइपातून काय काय निघालं, ते न सांगितलेलं बरं.

मग त्याच पिंपातली बिअर स्वच्छ पाइपातून वर आली. तांबूस, नितळ, वर सायीसारखा फेस. बाईंनी चव घेतली, मान डोलावली आणि खिडकीतून मिनीबसला हात केला. बाहेर बसून घसा कोरडा पडलेले परीक्षक धडाधड उतरले. पबात टाळ्या पडल्या, डेरेकने पाद्रीबुवांना मिठी मारली. पॉग्सनबाईंनी पहिला भरलेला ग्लास नॉरिसच्या हातात दिला.

“घे, बाळा. तुझा मान.”

नॉरिसने घोट घेतला. तोंडात घोळवून सावकाश गिळला. अजून एक घेतला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

“कशी आहे?” हिलरीबाईंनी विचारलं. “अगदी खरं सांगा हं.”

खरं सांगायचं म्हटल्यावर नॉरिसने ग्लास खाली ठेवला.

“छान असेल, बाई. पण मला बिअर आवडतच नाही. आपल्याला चहा बरा.”

“नॉरिस!” ब्रेंडा किंचाळली. “अरे, मग तळघर कशाला घेतलंस अंगावर?”

“तुम्ही सगळे इतके आग्रहाने मागे लागलात,” नॉरिस म्हणाला. “म्हटलं, कशाला तुमचं मन मोडा!”