हंगाम बघणारे अप्पा

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी दहा वाजता आमचे शेजारी गुरुलिंगअप्पा हैदराबादला फोन लावतात. हैदराबादच्या बाहेर ते एक भलंमोठं पार्क आहे ना, आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, भूतबंगला, खोटा बर्फ वगैरे असलेलं, त्याच्या ऑफिसात. अप्पांना थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर असतो. आमच्या दोन्ही घरांची मधली भिंत एकच, आणि तीही चार इंची. त्यामुळे हा संवाद मला पाठ आहे.

"शरणू शरणार्थी मॅडम. लातूर से अप्पा बोल रहा हूँ. इस महिने पानी कैसा है?"

"हौ अप्पाजी, नमस्ते. पानी भरपूर है. आप कब आ रहे?"

"आते की. हंगाम देखना पड़ता."

गेली चार वर्षं ते हंगाम बघताहेत. तिकडच्या तीन मुली नोकरी सोडून गेल्या, चौथी आली, तिलाही जाणाऱ्या मुलीनं जाताना अप्पा समजावून दिले असणार. कारण पहिल्याच फोनला तिनं अप्पाजी म्हटलं.

मी मूळचा लोह्याचा, इथे लातुरात शाळेत चित्रकला शिकवतो. गल्लीत मला मास्तर म्हणतात. आमच्या मुलीला, गौरीला, कुठे फिरायला न्यायचं असेल तर मी शनिवारी ठरवतो आणि रविवारी निघतो. अप्पांच्या मते हा शुद्ध अडाणीपणा आहे.

"मास्तर, माणूस पोचतोय कुठंबी. पण हंगामात पोचला तरच पोचला म्हणायचं."

यात त्यांचा दोष नाही. जिल्हा नवा झाला तेव्हा जुन्या जिल्ह्यातून फायलींचे गठ्ठे ट्रकमध्ये घालून आणणाऱ्या कारकुनांत अप्पा होते. "मी जिल्ह्याला सामानासकट घेऊन आलो," असं ते सांगतात. पुढची सगळी नोकरी टंचाई शाखेत गेली. कुठल्या गावाला टँकर, किती खेपा, कधीपासून कधीपर्यंत. ज्यानं तीस वर्षं पाण्याची वाट बघायचा हिशेब मांडला, तो पाण्याच्या घसरगुंडीवर असाच कसा जाऊन बसेल?

घरात तीन कॅलेंडरं आहेत. त्यांतलं मधलं सहलीचं. प्रत्येक आठवड्यावर लाल पेन्सिलीनं शेरा असतो आणि शेऱ्याला सबब. 'अयोग्य. सबब : परीक्षा.' 'अयोग्य. सबब : लग्नतिथी दाट.' उन्हाळा नको, कारण डोकं तापलेल्या माणसाला गरगर फिरवलं तर ते ठिकाणावर येत नाही. पावसाळा नको, पाऊस आला की पाळणे बंद करतात. श्रावणात सोमवार. मग गणपती, मग महालक्ष्म्या. थंडीत पाणी गार. मी एकदा म्हटलं, मार्गशीर्षात मोकळं असतं की. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"आणि येळवस? येळवसीला शेतात भज्जी आन आंबील सोडून हैदराबादला जाऊ? लोह्याला काय समजंना का?"

लोह्याला सगळं समजतं. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आमच्याकडेही होते. पण अप्पांशी वाद घालायचा नसतो, कारण अप्पा चुकत नाहीत. हे मी उपरोधानं म्हणत नाही. आमच्या गल्लीत नळाला दहा दिवसांनी पाणी येतं, दुष्काळाच्या या वर्षी तर कधी बारा, कधी पंधरा. ते कुठल्या दिवशी, किती वाजता येणार हे अप्पा सांगतात. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या महादूलाही आदल्या रात्रीपर्यंत ठाऊक नसतं, ते अप्पांना दोन दिवस आधी माहीत असतं. त्यांच्या शब्दावर अख्खी गल्ली गोधड्या भिजवते, पाहुण्यांना या म्हणते किंवा येऊ नका म्हणते. 'चुकलं माझं' हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. शांताकाकूंनाही लग्नापासून ऐकायला मिळाले नव्हते, असं त्या स्वतः सांगतात.

आता मुख्य गोष्ट. अप्पांना स्वतःला पाळण्याचा काही सोस नव्हता. पुण्याला असतो तो त्यांचा मुलगा महेश, त्याचा मुलगा ओंकार. चार वर्षांपूर्वी तो आला असताना अप्पांनी त्याला शब्द दिला होता की तुला सगळ्यांत मोठ्या पाळण्यात मी बसवणार. त्या पाळण्याला उंचीची अट आहे. अप्पांनी पोराला स्वयंपाकघराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीनं रेघ मारली. चार बोटं कमी पडली. म्हणजे उंचीचाही हंगाम बघणं आलं. त्यानंतर पोरगा काही आला नाही, पण चौकटीवर दर दिवाळीला नवी रेघ चढत गेली.

"मोजली कुणी?" मी विचारलं.

"अंदाज. सहा म्हैन्याला एवढं वाढतंय पोरगं." त्यांनी बोटांची पेरं दाखवली. "माझा अंदाज चुकत न्हाई, मास्तर."

तर या वर्षी हंगाम सापडला. भाऊबीज झाल्यावर शाळा उघडायच्या आत, दोन नळांच्या मध्ये, अमावस्या नाही, लग्न नाही, आणि अंदाजे ओंकारची उंचीही भरलेली. शनिवारी पहाटे निघायचं. महेश शुक्रवारी सहकुटुंब पुण्याहून गाडी घेऊन येणार. मधल्या कॅलेंडरवर चार वर्षांत पहिल्यांदा 'योग्य' असा शेरा पडला. तो बघायला गल्लीतली माणसं येऊन गेली.

त्यानंतरचे पंधरा दिवस आम्ही जे भोगलं ते आम्हालाच ठाऊक. पार्कातल्या मुलीनं सांगितलं की पाण्यात धोतर चालत नाही, नायलॉनच लागतं. अप्पांनी शिंप्याकडून नायलॉनची चड्डी शिवून घेतली, गुडघ्याच्या खाली चार बोटं, आणि नाडीची. ती घालून ते अंगणात फेऱ्या मारत, म्हणजे अंगाला सवय व्हावी. चक्कर येते का हे पाहण्यासाठी माजघरातल्या बंगईवर बसून शांताकाकूंना झोके द्यायला लावत. काकू एका हातानं झोका देत आणि दुसऱ्या हातानं शेंगा सोलत.

"जोरात दे की," आतून आवाज यायचा.

"जोरात दिलं तर भिंत फुटून मास्तरांकडं जाताल."

यावर मी माझं टेबल भिंतीपासून लांब सरकवलं.

मग कुणीतरी त्यांना सांगितलं की त्या पाळण्यात सगळेच ओरडतात. अप्पा गंभीर झाले. तीस वर्षं सरकारी कार्यालयात हळू बोललेला माणूस, अचानक कसा ओरडणार?

"सराव पायजे," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गच्चीवर उभं राहून जी आरोळी ठोकली ती थेट गंजगोलाईच्या बाजारापर्यंत गेली असेल.

आमच्या गल्लीत पहाटेच्या आरोळीचा अर्थ एकच. नळ आला. दोन मिनिटांत सगळी गल्ली बाहेर. घागरी, कळश्या, बादल्या, पाइपांची भेंडोळी. मी अर्धी दाढी केलेला, हातात पातेलं. समोरच्या नूरजहाँभाभी तर पाण्याची मोटार खांद्यावर घेऊन आल्या. सगळे आपापल्या नळाला लागले आणि वर बघतात तर अप्पा कठड्याशी, नायलॉनच्या चड्डीत, दुसऱ्या आरोळीसाठी श्वास भरून घेताहेत.

"नळ न्हाई. पाळणा हाय," त्यांनी वरून खुलासा केला.

भाभींनी जे उत्तर दिलं ते दखनीत होतं आणि इथे लिहिण्यासारखं नाही.

गुरुवारी, अप्पांनी सांगितल्याप्रमाणे, बरोबर साडेसातला नळ आला. पिंपं भरली. शुक्रवारी सकाळपासून शांताकाकू धपाटे थापत होत्या. दशम्या झाल्या, शेंगदाण्याची चटणी झाली, ओंकारला आवडतात म्हणून रव्याचे लाडू झाले. वासानं माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चारच्या सुमाराला भिंतीपलीकडे फोन वाजला. महेशचा.

मुद्दाम ऐकलं नाही. पण चार इंची भिंतीला कान लावावे लागत नाहीत.

"अप्पा, या वेळी जमत नाही हो. हिच्या माहेरच्यांचं मध्येच ठरलं. आणि पोरं आता तसल्या पार्कला कंटाळलीत. इकडं दोनदा जाऊन आलो आम्ही."

मग अप्पांचा आवाज आला.

"हाव का? मोठ्या पाळण्यात बसला ओंकार?"

"बसला की."

"उंची भरली का त्याची?"

"कधीच भरली, अप्पा."

"बरं झालं. लई बरं झालं," अप्पा म्हणाले. "मीबी तेच सांगणार होतो, हितंबी जमंना. तू काळजी करू नको."

मला खरंच भिंत नकोशी झाली. पाच मिनिटांनी अप्पा ओट्यावर आले. गल्लीत चारपाच जण उभेच होते, गाडी कधी येते ते बघायला. अप्पांनी घसा खाकरला.

"सहल रद्द. उद्या नळ हाय. दिवाळीची एक पाळी ज्यादा सोडून राहिलेत. घर सोडून जाता येत न्हाई. महेश निघालाच होता, मीच नको म्हणलं."

मी घरात येऊन सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. म्हटलं, उद्या नळबिळ काही नाही. कालच येऊन गेला. अप्पा खोटं बोलले. ती भाजी निवडत होती.

"तरी मी एक रिकामं पिंप बाहेर काढते," ती म्हणाली. "सगळ्यांची दिसतील आणि आपलंच दिसणार नाही. मग अप्पांना कळेल की आपण फोन ऐकला."

शनिवारी सकाळी मी दार उघडलं तर ओट्यांसमोर ओळीनं पिंपं. चार वर्षांत पहिल्यांदा मला अप्पांच्या शब्दाची भीती वाटली. भाभींनी तर ज्यादा पाळी म्हणून आदल्या संध्याकाळीच दोन गोधड्या धुऊन टाकल्या होत्या. साडेसात वाजले. आठ वाजले. नळातून नुसती हवा. अप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, पिंपांची ओळ बघत. बोलले तेव्हा लोक ताज्या पाण्यासाठी साठवलेलं पाणी ओतून बसतील हे त्यांच्या लक्षातच आलं नसावं. आता ते एकेक पिंप मोजत होते आणि चेहरा उतरत होता.

सव्वाआठला महादू सायकलवरून आला, खांद्यावर व्हॉल्व्हची लांब चावी. ब्रेक लावून तो ओळ बघत राहिला.

"हे काय? कुणी सांगितलं आज नळ हाय म्हणून? तुमची पाळी परवाच झाली की."

गल्ली अप्पांकडे वळली. मी तोंड उघडणार होतो, पण सुनंदानं माझा दंड धरला. अप्पा उठले. महादूच्या डोक्यावर खापर फोडणं त्यांना अगदी सोपं होतं. महेशचं नाव तर ओठांवरच असणार.

"चुकलं माझं," अप्पा म्हणाले. "हिशेब चुकला. वय झालं."

कुणी हसलं, कुणी म्हणालं आता अप्पांचंही काही खरं नाही. ज्या माणसानं जिल्हा उभा राहताना एक फाइल हरवू दिली नव्हती, त्यानं आपली सगळी पत मुलासाठी गल्लीत ओतून टाकली आणि गल्लीला पत्ता नाही. चार वर्षं मी या माणसाची नक्कल करून शिक्षकांच्या खोलीत हशा मिळवत होतो.

तेवढ्यात शांताकाकू धपाट्यांची टोपली घेऊन बाहेर आल्या. "आठ माणसांचं केलंय. खाऊन टाका. न्हाईतर शिळं व्हतंय." रिकाम्या पिंपांवर बसून सगळ्या गल्लीनं हैदराबादचे धपाटे खाल्ले. अप्पा स्वतःच्या हौदातून दोन घागरी काढून भाभींकडे देऊन आले. भाभी नको नको म्हणत होत्या. "घ्यावंच लागतंय," अप्पा म्हणाले, "टंचाई शाखेचा माणूस हाय मी."

रिकामी टोपली परत द्यायला मी आणि गौरी त्यांच्याकडे गेलो. मधल्या कॅलेंडरवर 'योग्य'वर काट मारून नवा शेरा होता. 'अयोग्य. सबब : नळ.' अक्षर नेहमीसारखंच, एका वळणाचं.

"अप्पा," मी म्हणालो, "पुढचा हंगाम कधी निघतोय ते बघा. आम्ही तिघं येतो तुमच्यासोबत. मला शनिवारी ठरवून रविवारी निघायचा कंटाळा आलाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, त्या चार इंची भिंतीकडे. मग गौरीकडे वळले.

"उंची किती ग तुझी?"

"माहीत नाही. अंदाजे..."

"अंदाज न्हाई चालत," अप्पा कानावरची पेन्सिल काढत म्हणाले. त्यांनी तिला स्वयंपाकघराच्या चौकटीला उभं केलं, ओंकारच्या रेघांच्या शेजारी. "टाचा टेकव बाई. मान सरळ. मोजूनच घेऊ."