परबकाकांची कात्री

आमच्या चाळीतले परबकाका वडापाव कात्रीने कापून खातात. लोक शर्टाच्या ज्या खिशात पेन ठेवतात, त्या खिशात त्यांची छोटी कात्री असते. वडापावचे तुकडे करायचे, एकेक तुकडा दाढेकडे सरकवायचा आणि शांतपणे चावायचा. पेरू कात्रीने, शंकरपाळी कात्रीने. कणसाचे दाणे ते कात्रीच्या टोकाने उकरतात. पुढच्या दातांना काही लागू द्यायचं नाही, हा नियम.

एवढ्यावर थांबले असते तर कुणाची तक्रार नव्हती. पण काका दुसऱ्यांचंही कापतात. गॅलरीत कुणी ऊस खाताना दिसलं की खुर्चीतून ओरडतात, "मेल्या, पुढच्या दातांनी नाय! हय आण तो." एका दिवाळीला त्यांनी माझ्या आईची चकली आईच्या देखत कापली, आणि तुकडे वडिलांच्या ताटलीत ठेवले. आई अजून तो विषय काढते.

यामागचं कारण आपल्याला माहीत आहे, असं सगळ्या जोगेश्वरीला वाटायचं. काका ट्रम्बोन वाजवतात. बँडमध्ये ज्याची नळी पुढे-मागे सरकते ते पितळी वाद्य. फुंकणाऱ्याचा ओठ पुढच्या दातांवर टेकलेला असतो. दात गेला की सूर गेला. म्हणून हा माणूस स्वतःच्या दातांना जपतो आणि त्या जपण्याचा त्याला रोग झालाय, असं आमचं निदान होतं.

आमच्या शेजारची काकांची खोली लहान, त्यात पलंग, कपाट आणि गावाहून आलेली पेटी. वाजवायला खुर्ची दाराजवळच मावते. सर्वांत खालचा सूर लावायचा तर नळी पूर्ण पुढे ढकलावी लागते, म्हणजे दार उघडं हवं. संध्याकाळी त्या दारातून पितळी नळी गॅलरीत येते आणि बादली घेऊन जाणारी माणसं बोलणं न थांबवता वाकतात.

वाजवतात ते जॅझ. त्यांचे वडील गिरणीत, थोरला भाऊ गिरणीत, हे मात्र लालबागच्या लग्नाच्या बँडमध्ये शिरले. तिथून शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात, मग अंधेरीच्या स्टुडिओत सिनेमाच्या गाण्यांमागे. पुढे सगळी वाद्यं एका कीबोर्डमध्ये आली. "आम्ही चाळीस जण त्या खोक्यात मावलो," काका म्हणतात, "आणि बिदागी एकालाच मिळायला लागली."

मी त्यांच्याशी पुष्कळ भांडलेय. आमच्या घरात पलंगाखाली वडिलांच्या युनियनची पत्रकं असायची. त्यांवर मी वाचायला शिकले. मी काकांना म्हटलं, "जॅझ गुलामांच्या लेकरांनी निर्माण केलं. आणि तुम्ही ते शेटजींच्या जेवणामागे वाजवलंत!"

काका लगेच उत्तर देत नाहीत. कुणी काही विचारलं की आधी पायाने ताल धरतात, चार-सहा ठोके जाऊ देतात, मग बोलतात. तेव्हाही ठोके गेले. मग म्हणाले, "जेवणामागे वाजवलंय म्हणून हळू वाजवायला शिकलो गो. तू पण शीक. तुझ्या बोलण्यात जागाच नसते."

जागा हा त्यांचा आवडता शब्द. हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्याला "जागा सोड रे", बोलत सुटलेल्या घागांना "घागानु, जागा सोडा". घाग म्हणजे आमच्या चाळ कमिटीचे सेक्रेटरी. स्वतः वाजवतानाही काका मधेच थांबायचे. नळी हातात तशीच, पाय चालू, आवाज मात्र नाही. मग पुन्हा सुरू. वय झालं, दम लागतो, असं आम्ही समजायचो.

यंदा चाळीमागचं मैदान पार्किंगला द्यायचा घाट घातला गेला. मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'रिकामी जागा रिकामी नसते'. निषेध सभेत वाजवाल का, असं विचारायला गेले. काकांनी मथळा दोनदा वाचला.

"वाजवतो. पण बाजूला एक खुर्ची मोकळी ठेवायची. आणि हा कागद मरोळला आग्नेलला नेऊन द्यायचा. हातात."

आग्नेल कोण, ते त्यांनी तेव्हा सांगितलं. आग्नेल ट्रम्पेट वाजवायचा. हॉटेलात, स्टुडिओत, दोघं शेजारी. तो एक ओळ वाजवून सोडायचा, तोवर हे थांबायचे, मग पुढची उचलायचे. एकदा काका गावच्या जत्रेतून खडखडे लाडू घेऊन आले. गुळाच्या पाकातले, दगडासारखे. आम्ही मालवणी माणसं ते दाढेत धरून फोडतो. ही गोष्ट कुणाला सांगावी लागते, हेच आमच्या डोक्यात येत नाही.

"स्टुडिओच्या चहाच्या सुट्टीत दिला. मी म्हटलं, खा रे, लाजतंस कित्याक? त्याने पुढच्या दातांनी चावला."

अर्धा दात लाडवात राहिला. खोटा बसवला, पण तो सूर परत लागला नाही. आग्नेल विमानतळावर सामानाच्या ऑफिसात चिकटला.

"एक शब्द बोलूक नाय माका," काका म्हणाले. "तो बोललो असतो तर बरा झाला असता. तेव्हापासून इकडे फिरकला नाय. आणि मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

मरोळच्या गावठाणात आग्नेलने दार उघडलं, पत्रक वाचलं. "परब वाजवणार?" एवढंच विचारलं. मी मोकळ्या खुर्चीचं सांगितलं. "बघू," म्हणाला आणि दार लावलं.

सभेत खुर्ची मोकळीच होती. घाग त्यात बसायला गेले, त्यांना उठवलं. काकांनी सुरुवात केली. पहिल्यांदा थांबले तेव्हा लोकांनी, संपलं समजून, टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा घागांनी माईक घेतला आणि चहाची सोय करणाऱ्यांचे आभार मानू लागले. काकांनी नळी पूर्ण पुढे ढकलली. घाग सवयीने वाकले आणि माईकपासून मागे सरले.

तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मला तो दिसला. मैदानाच्या भिंतीला टेकून, डोळे मिटून उभा होता. उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर भराभर वर-खाली होत होती. ट्रम्पेटला तीनच बटणं असतात.

वाजवून झाल्यावर काका फुंकून नळीत साठलेलं पाणी काढत बसले. गर्दीकडे मान वर करून पाहिलं नाही.

"आग्नेल इलो होतो?"

"हो. मागे उभे आहेत."

"काय करत होता?"

मी बोटांचं सांगितलं. त्यांचा पाय हलू लागला. बरेच ठोके गेले. मग त्यांनी कार्यकर्त्यांच्या ताटातला एक वडापाव उचलला, कात्री काढली, तुकडे केले आणि उरलेल्या पत्रकात बांधले.

"दे नेऊन. दाढेने खा म्हणावं."

आग्नेल गेटवर रिक्षा थांबवत होता. त्याने पुडी उघडली आणि खो खो हसला. सगळीच कवळी दिसली. "अगो, त्याला सांग, आता सगळेच दात रात्री पाण्यात ठेवतो मी. आता कसली कात्री?" तरी तुकडा दाढेकडेच नेला. रिक्षात बसता बसता म्हणाला, "आणि सांग त्याला, तिसऱ्या खेपेला घाईने आत घुसला. माझं संपलं नव्हतं."

मी जसंच्या तसं सांगितलं.

मैदानाचं अजून काही ठरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळी नेहमीसारखी गॅलरीत आली. पहिली जागा गेली, दुसरी गेली. तिसरी इतकी लांबली, की पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, "काका झोपले वाटतं. जाऊन बघ गं जरा."

मी गेले नाही. भिंतीपलीकडे पाय चालू होता.