गेनबाची शिवराई आणि पुठ्ठ्यातलं भोक

जंगल कुठलं ते विचारू नका. विचारणाऱ्यांपैकी एकाला तरी तिथं जायचं असतं का? तर मुलांनो, गुमान बसा आणि ऐका.

अशाच एका जंगलात गेनबा नावाचा साळिंदर राहत होता. साळिंदर म्हणजे अंगभर काटे असतात तो. त्याला भिऊ नका, तो कंदमुळं खातो. काटे होते, पण ते उगारण्याइतका राग त्याला कधी आला नाही.

गेनबाला जुनी नाणी जमवायचा नाद. जंगलाच्या जागी पूर्वी माणसांचं गाव होतं. माणसं उठून गेली आणि त्यांचं सांडलेलं मातीत राहिलं. कंद उकरताना कधी भोकाचा पैसा निघायचा, कधी जाडजूड ढब्बू पैसा. गेनबा तो घरी आणायचा, माती झटकायचा आणि वाळक्या भोपळ्यात टाकायचा. भोपळ्यात सावरीचा कापूस होता. बास. एवढीच व्यवस्था, आणि नाण्यांची कधी तक्रार आली नाही.

त्यातलं एक नाणं मात्र वेगळं. तांब्याची शिवराई. ती गेनबाच्या आईला सापडलेली. हातानं ठोकलेलं नाणं ते, त्यामुळे एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ, आणि नव्या सुनेच्या पहिल्या भाकरीसारखं एका बाजूनं बाहेर आलेलं. एकीकडे ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’.

बिळात अंधार. डोळ्यांनी वाचायची सोयच नव्हती. म्हणून आईनं गेनबाला नाकानं वाचायला शिकवलं. हा उंचवटा म्हणजे श्री, इथं वळलं की राजा, कडेला पोचलं की शिव. आई गेली, पण नाक फिरवलं की तिचं बोट धरल्यासारखं वाटायचं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. मी तुम्हाला सांगतोय, तर तुम्हीही बोभाटा करू नका.

दर लक्ष्मीपूजनाला शेजारीपाजारी गेनबाच्या बिळात यायचे. त्याची बायको ठकू पळसाच्या पानावर शिवराई मांडायची, हळदकुंकू वाहायची. कुंकू खोबणीत बसलं की अक्षरं वर यायची. मग नाणं एकाच्या नाकावरून दुसऱ्याच्या नाकाकडे जायचं. सरजाआजी म्हणून एक म्हातारी खवलेमांजर होती, तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. ती सगळ्यात जास्त वेळ घ्यायची. शेवटी म्हणायची, “आहे गं, ठकू, सगळं जागच्या जागी आहे.” मग फराळ.

असं चांगलं चाललं होतं. चांगलं चाललेलं कुणाला बघवत नाही. त्यातच झुंबर वानर शहरातून परत आला.

झुंबर शहरात एका देवळाच्या कळसावर राहून आलेला. तेवढ्यावर तो जाणकार झाला. येताना त्यानं गाठोडं भरून अल्बम आणले. नाणी ठेवायचे अल्बम. त्यानं वडाखाली सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की शहरात नाणं कुणी भोपळ्यात ठेवत नाही. भोपळ्यात ठेवतात त्याला बी म्हणतात. सगळे हसले. गेनबाही हसला, आणि घरी जाताना त्याला वाईट वाटलं.

झुंबरनं आणखी एक केलं. रंगराव मोराला गाठलं. रंगराव म्हणजे जंगलातला सुंदर गडी, आणि सुंदर गड्याला परीक्षक केलं की तो नाही म्हणत नाही. ठरलं असं, की दिवाळीच्या तोंडावर वडाखाली नाण्यांचं प्रदर्शन. ज्याचं नाणं अल्बमात नाही, त्याला आत प्रवेश नाही.

मग काय विचारता. ज्यांच्याकडे नाणं होतं त्यांनी अल्बम घेतला. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी मोठा घेतला. यशवंता सशाकडे तर फुटकी कवडीसुद्धा नव्हती. त्यानं मखमलीचा, सोनेरी अक्षरांचा, सगळ्यात जाड अल्बम उचलला. नाणी काय, मिळतील पुढं, म्हणाला.

गेनबाला मात्र आपली शिवराई प्रदर्शनात बसलेली बघायची होती. आईनं उकरलेली वस्तू. ती बिळात राहावी आणि बी म्हणून तिची टिंगल व्हावी, हे त्याला सोसवेना. तो झुंबरकडे गेला.

झुंबरनं आधी मऊ प्लॅस्टिकचा दाखवला. गेनबानं वास घेतला. आंबूस होता. झुंबर म्हणाला, नवेपणाचा वास आहे, जाईल. पण मुंगसानं तोच घेतला होता आणि त्याच्या तांब्याच्या पैशावर हिरवा चिकटा धरला होता. मुंगसाला तो पैसा दगडावर घासताना गेनबानं स्वतः बघितलं होतं. तेवढी अक्कल त्याला होती. नको म्हणाला.

मग झुंबरनं पुठ्ठ्याचा काढला. जाड पुठ्ठा, त्यात गोल गोल भोकं, भोकांवर दोन्हीकडून सरकणारी पारदर्शक पट्टी, म्हणजे नाणं दोन्ही बाजूंनी दिसावं. आणि प्रत्येक भोकाखाली नाण्याचं नाव छापलेलं.

“इथं काय लिहिलंय?” गेनबानं एका भोकावर नाक ठेवून विचारलं.

“शिवराई,” झुंबर म्हणाला. “तुझ्यासाठीच छापलंय बघ, गेनबाभाऊ.”

झालं. गेनबा तिथंच विकला गेला. शहरात बसून कुणीतरी आपल्या आईच्या नाण्यासाठी जागा राखून ठेवली, असं त्याला वाटलं. बदल्यात झुंबरनं पाठीवरचे लांब काटे मागितले, दात कोरायला आणि इतर कामाला. गेनबानं चांगले निवडून दिले. घरी आला तेव्हा पाठीवर टक्कल पडलं होतं.

ठकूनं ती पाठ बघितली, मग पुठ्ठा बघितला. म्हणाली, “अंगावरचं हत्यार देऊन भोकं विकत आणलीत.”

गेनबा तडक भोपळ्याकडे गेला. त्यानं शिवराई काढली आणि तिच्या नावाच्या भोकावर ठेवली.

बसली नाही.

बसणार कशी? भोक कारखान्यातलं, नाणं ऐरणीवरचं. भाकरीसारखी बाहेर आलेली ती कड अडत होती. गेनबानं फिरवून बघितलं, दाबून बघितलं, पट्टी सरकवून बघितली. ठकू बाजूला बसून कंद सोलत होती. बघून बघून तिला राहवेना.

“अहो, पुठ्ठाच आहे तो,” ती म्हणाली. “दात लावा, कडेनं जरा कुरतडा. आपण झाडाची साल खातो, तुम्हाला पुठ्ठा जड आहे होय?”

आता मुलांनो, साळिंदराचे दात बघितलेत कधी? बाभळीचं लाकूड कुरतडतो तो. एका घासाचं काम होतं. पण गेनबानं बायकोकडे असं बघितलं, जसं काही तिनं देवळाला दात लावायला सांगितलं.

“अल्बम शहरातून आलाय,” तो म्हणाला. “त्याचं माप चुकीचं कसं असेल?”

ठकू म्हणाली, “मग सासूबाईंचं चुकलं म्हणायचं.” आणि पुन्हा कंद सोलायला लागली.

गेनबा झुंबरकडे गेला. झुंबरनं मान हलवली. त्याचं म्हणणं असं, की भोक मोठं केलं तर अल्बम बिघडला, आणि बिघडलेल्या अल्बमाकडे रंगराव ढुंकून बघणार नाही. नाणं थोडं आडदांड आहे एवढंच. तांबट पक्ष्याकडे ने, तो मापात बसवून देईल.

तांबट म्हणजे दिवसभर टुक टुक करतो तो. त्याला काम हवं असतं, कसलं ते तो बघत नाही. त्यानं विचारलं, “किती घासू?” गेनबा म्हणाला, बसेल इतकं.

कड घासली. कडेबरोबर ‘शिव’ गेलं. नाणं भोकात बसलं, पण जाड अंग वर राहिलं आणि पट्टी सरकेना. तांबटानं पुन्हा विचारलं, घासू? गेनबा क्षणभर थांबला. भोकाखालचं नाव त्याला आठवलं. घास म्हणाला. मग वरून घासलं, उलटवून खालून घासलं. पट्टी सर्रकन सरकली. शिवराई कशी गोल, लखलखीत, सपाट झाली. तांबट खूष. गेनबानंही स्वतःला खूष करून घेतलं.

प्रदर्शनाला सगळं जंगल लोटलं. रंगराव पिसारा सावरत एकेका अल्बमापाशी थांबत गेला. भोकं सरळ रांगेत आहेत का बघितलं. शिवण बघितली. मखमलीवर मान घासली. गेनबाच्या अल्बमापाशी आला, तेव्हा गेनबानं अल्बम थोडा पुढं सरकवला.

रंगरावनं छापलेल्या नावाकडे बघून मान डोलावली. छपाई सुबक आहे, म्हणाला. वर चकचकीत वाटोळं काय आहे ते त्यानं विचारलं नाही.

पहिला नंबर यशवंता सशाला मिळाला. त्याच्या अल्बमात नाणंच नव्हतं, त्यामुळे कुठंही फुगवटा नव्हता, सगळी पानं एकसारखी मिटत होती. गेनबाला दुसरा. रंगराव जाता जाता त्याला समजावून गेला, “वाईट वाटून घेऊ नकोस. नाणी थोडी कमी असती, तर पहिला तुझाच होता.”

तरी गेनबा ताठ मानेनं घरी आला. दुसरा तर दुसरा. शिवराई तर बसली.

लक्ष्मीपूजन आलं. त्या वर्षी तर जास्तच मंडळी जमली, कारण नंबर आला होता. ठकूनं पळसाचं पान मांडलं. पट्टी सरकवून नाणं काढलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. कुंकू खोबणीत बसायला खोबणच नव्हती. ते घरंगळून पानावर पडलं. ठकूनं पुन्हा चिमूट सोडली. पुन्हा घरंगळलं. तिनं पान तसंच पुढं सरकवलं.

नाणं नाकांवरून फिरू लागलं. जो तो नाक लावायचा, थोडा थांबायचा आणि घाईनं पुढं द्यायचा. सरजाआजीकडे आलं. म्हातारीनं नेहमीसारखा वेळ घेतला. एका बाजूनं फिरवलं, मग उलटवून दुसऱ्या बाजूनं. मग पुन्हा पहिल्या.

“गेनबा,” ती म्हणाली, “हे छान आहे रे. गुळगुळीत आहे. आता तुझ्या आईचं आण.”

ठकूनंच मग फराळाचं पुढं केलं.

मंडळी गेल्यावर गेनबा अल्बम घेऊन कोपऱ्यात बसला. शिवराईचं नाव छापलेल्या जागेवर त्यानं नाक फिरवलं. तेही सपाट. मग त्यानं दोन्हीकडच्या पट्ट्या काढून टाकल्या आणि भोकाच्या कडेला दात लावले. एका घासात भोक मोठं झालं. ठकू म्हणाली होती तसंच, कणभरही जोर लागला नाही.

त्यानं नाणं त्या भोकात ठेवलं. ते आरपार जाऊन खाली पडलं.

तात्पर्य: अल्बम फार पारखून घ्यावा, कारण नाणं कसंही घासून बसवता येतं. पहिला नंबर हवा असेल तर नाणंच ठेवू नये. आणि दात असतील तर ते गप मिटून ठेवावेत. सगळं उरकल्यावर लावायला ते उपयोगी पडतात.