गावंडे काकाजींनी पसंत केलेला फॉरवर्ड

गावंडे काकाजी फुटबॉलचा सामना पूर्ण नव्वद मिनिटं उभ्यानं पाहतात, पण बॉलकडे एकदाही पाहत नाहीत.

यात अतिशयोक्ती नाही. मी त्यांच्या शेजारी उभा राहून खात्री केली आहे. बॉल डावीकडे गेला की अख्ख्या मैदानाच्या माना डावीकडे वळतात. काकाजींची मान उजवीकडेच. तिकडे बॉल नसलेला कोणीतरी धावत असतो आणि काकाजी त्याच्या टाचांवर नजर लावून असतात. गोल होतो, लोक नाचू लागतात, तेव्हा ते शांतपणे विचारतात, "कोनं मारला?" आणि उत्तर यायच्या आत नजर पुन्हा टाचांवर.

असा माणूस आमच्या क्लबच्या निवड समितीत आहे. का, तर मैदान तयार झालं तेव्हा त्यातले दगड वेचायला जे चार जण आले होते, त्यांतले हे एक. दगड वेचलेल्या माणसाला समितीतून काढायचं कसं, हे अमरावतीत अजून कोणाला सुचलेलं नाही.

काकाजींचा धंदा बैलांच्या दलालीचा. परतवाड्याच्या बाजारात त्यांची हयात गेली. वय सत्तरीच्या पुढे, पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा, आणि आवाज असा की समोरच्या बैलानं मान वर करावी. बैल निवडायची त्यांची एकच रीत: "शिंगं पाहू नको. शिंगं तेल लावून चमकवता येतात. खूर पाह्य." तीच रीत त्यांनी फुटबॉलला लावली. चाचणीला नवा खेळाडू आला की काकाजी त्याला म्हणतात, "जाय, वीस पावलं तिकडं जाय." तो पाठमोरा चालतो. काकाजी पाहतात. मग पोटऱ्या दाबतात, सकाळी किती वाजता उठतो ते विचारतात, आणि निकाल देतात. एकदा त्यांनी आमच्या गोलकीपरला तोंड उघडायला लावलं.

"काकाजी, गोलकीपरचे दात कायले?" मी ओरडलो.

"सवय हाय बाप्पा," ते म्हणाले, आणि दात पाहूनच घेतले.

मी जुन्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा व्यापारी, आणि त्याच समितीत. परतवाड्याच्या स्टँडबाहेर पोतं अंथरून नटबोल्ट विकायला बसलो होतो, आज अमरावतीत दुकान आहे. मला कोणी काही फुकट दिलं नाही आणि मी कोणाकडून सांगितलेल्या भावात काही घेतलं नाही. राग मला लवकर येतो आणि उशिरा जातो. काकाजींवरचा राग चार महिने झाले, पुरता गेलेला नाही. हे सगळं मी त्या रागातच लिहितो आहे, वाचणाऱ्यानं तेवढं धरून चालावं.

राग असा. आमच्या क्लबला यंदा वरच्या गटात जायचं आहे. दरवर्षी आम्ही काठावर येऊन परततो, आणि दरवर्षी अकोल्याचाच क्लब आम्हाला आडवा येतो. म्हणून मी ठरवलं की यंदा फॉरवर्ड आणायचा तो नावाचा. नागपूरला दोन चकरा मारून मी रॉकी नावाच्या खेळाडूला पटवला. त्याचं खरं नाव विचारू नका, मलाही सांगितलं नाही. केस सोनेरी, बूट गुलाबी, आणि चार बॅकना चकवून गोल मारतानाचे त्याचे व्हिडिओ पोरं एकमेकांना पाठवतात. घासाघीस करून मी त्याला अशा भावात बसवला होता की सांगताना मलाच माझा अभिमान वाटायचा. फक्त समितीची मान हलायची बाकी होती.

समितीची बैठक झाली. काकाजी आले ते एका माणसाला सोबत घेऊन. दिनेश तायडे. वय अठ्ठावीस, नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात यंत्रावर काम करणारा. अंगानं वाळका, गुडघे जाड, चेहऱ्यावर कारखान्यातून सुटल्याचा भाव. "हा आपला फॉरवर्ड," काकाजी म्हणाले. दिनेश सगळ्यांना नमस्कार करून बाहेर जाऊन उभा राहिला, कारण आत खुर्ची नव्हती.

मी विचारलं, "काकाजी, यानं मागच्या हंगामात किती गोल मारले?"

"तीन."

"आन रॉकीनं?"

"मले का मालूम? म्या तिकडं पाह्यलंच नाही."

आमचे अध्यक्ष वकीलसाहेब हसले. ते कुठल्याही भांडणात "मतदान घेऊ" एवढंच म्हणतात. मी मात्र तापलो. "मोठं व्हायचं तर मोठा मानूस आनावा लागते. लोकं गोल पाह्याले येतात, टाचा पाह्याले नाही!"

"शंकर," काकाजी म्हणाले, "तुहा रॉकी पोयाच्या दिवशी लय शोभंल. झूल घाल, शिंगं रंगव, तोरनाखाली उभा कर. पन पोया एक दिवस रायते. वखर वरीसभर हाकलावं लागते. हा दिनेश वखराचा हाय."

"अन वखर ओढूनसन्या गोल होतात का?"

"रान तयार होते. पेरनारा येते मंग."

मी टेबलावर हात आपटला. काकाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून स्वतःच्या मनगटावर टाकला आणि हात माझ्यापुढे केला. "बोल. याले किती सामने देतं?"

इथं थोडं सांगायला हवं. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली दोघांचे हात जातात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे भोवतीच्या गर्दीला कळत नाही. मी त्या बाजाराच्या तोंडाशी नटबोल्ट विकत वाढलेला माणूस. माझ्यापुढे दुपट्टा धरला की माझा हात माझा राहत नाही.

मी हात घातला. काकाजींनी माझा पंजा दोनदा दाबला. दहा.

"दहा? डोकं फिरलं का बुढ्या तुह्यं?" मी ओरडलो आणि त्यांची चार बोटं धरली. त्यांनी पंजा आणि तीन बोटं दाबली. मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले, उसासा टाकला, पोटच्या पोराला विकत असल्यासारखा चेहरा केला. मी ढिला पडलो नाही. असा चेहरा मी स्वतः रोज दुकानात करतो. शेवटी मी पंजा आणि एक बोट घट्ट दाबून धरलं आणि हात बाहेर काढून समितीला विजयानं सांगितलं, "सहा! एक बी जास्त नाही! सहावरच आनला मी याले!"

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. "म्हणजे दिनेश ठरला."

मी काकाजींकडे पाहिलं. ते दुपट्ट्याची घडी घालत होते. बाजारात लहान पोरालाही माहीत असतं की दुपट्ट्यात हात घालणं म्हणजे जनावर पसंत असणं. ज्याला घ्यायचंच नाही, तो हात घालत नाही. दहाचे सहा करण्याच्या भरात मी माल घेऊन बसलो होतो.

"काकाजी, हे फसवनं झालं!"

"तूनंच पाडला भाव," ते म्हणाले. "चांगला पाडला. मी आठाच्या खाली येत नसतो."

रॉकीला मी फोन करून नकार कळवला. आयुष्यात ठरलेला सौदा मोडायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली होती, तीही स्वतःच्या हातानं.

पहिल्या सामन्यात दिनेशच्या पायाला बॉल सात वेळा लागला आणि तो स्वतः नऊ वेळा पडला. मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, याले सायकल द्या, थकून राह्यला बिचारा!" दुसऱ्या सामन्यात तो सारखा समोरच्या दोन स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, मागे कुत्र्यासारखा पळत राहिला. ते एकमेकांना पास देत, हा मधे धावत. बॉल काही मिळेना. मी काकाजींना म्हटलं, "हा काय करून राह्यला?"

"वखर," काकाजी म्हणाले.

मग मी ठरवलं की माल खोटा आहे हे सिद्ध करायचं. जुनं इंजिन घेताना मी जसा खोट शोधतो, तसा मी दिनेशला पाहू लागलो. तिसऱ्या सामन्यात मी फक्त त्याच्यावर नजर ठेवली. सत्तराव्या मिनिटाला मला दिसलं की समोरचे दोन्ही स्टॉपर गुडघ्यावर हात टेकून उभे आहेत, तोंडं उघडी. दिनेश त्यांच्याभोवती अजून फिरत होता. ते दोघं त्याच्याकडे पाहत राहिले आणि आमचा दुसरा फॉरवर्ड अन्सार डाव्या बाजूनं एकटा आत शिरला. गोल. चौथ्या सामन्यात तसंच झालं, शेवटच्या पंधरा मिनिटांत दोनदा. लोकांनी अन्सारला खांद्यावर घेतलं. दिनेश नळावर तोंड धुऊन पाळीवर निघून गेला.

हे मला कळलं होतं, पण काकाजींना मी सांगितलं नाही. विकणाऱ्यापुढे मालाची तारीफ करणारा माणूस दुकान चालवू शकत नाही.

पाचवा सामना हरलो. सहाव्यात दिनेशनं घाण केली. गोल रिकामा, अंतर दोन पावलांचं, आणि बॉल त्याच्या नडगीला लागून शेजारच्या पपईच्या झाडावर. पपई पडली, गोल झाला नाही, सामना बरोबरीत सुटला. लोकांनी दिनेशच्या घरादाराचा उद्धार केला. आता एकच सामना राहिला आहे, येत्या रविवारी, अकोल्याशी. जिंकलो तर वर, नाहीतर पुन्हा काठावरून परत.

वकीलसाहेबांनी मला बोलावून घेतलं. दिनेशचे सहा संपले, समितीतले इतर वैतागलेत, काकाजींना समजावणं माझ्याकडे. काल सकाळी मी काकाजींच्या घरी गेलो.

मैदानाच्या भिंतीला लागून दोन खोल्या. इतकी वर्षं ओळख, पण मी दारातूनच हाक मारून परतत आलो होतो. काल आत गेलो. काकाजी पाटावर बसून ज्वारीच्या भाकरी थापत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"काकाजी, सहा झाले."

"झाले."

"दिनेश बसंल आता रविवारी."

"सहा म्हनजे सहा. सौदा पुरा झाला." त्यांनी भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

माझा संताप झाला. मी भांडायची तयारी करून आलो होतो आणि समोरचा भांडतच नव्हता. "अहो, बोला ना काही तरी! म्हना का स्टॉपर थकतात याच्यानं. म्हना का अन्सारचे गोल याचे हायेत. मले दिसत नाही का? मी का आंधया हाय?"

"तुले दिसलं?" काकाजींनी पहिल्यांदा मान वर केली.

"दिसलं म्हनूनच इचारून राह्यलो. तुमी काहून गप?"

त्यांनी तव्यावरची भाकर उलटली. "बॉलवाल्याले पाह्याले हजार डोये हायेत, शंकर. याले पाह्याले एक तरी मानूस पायजे का नाही? तेवढंच म्या केलं. गोल-बिल मले समजत नाही."

भाकर फुगली. त्यांनी ती उतरवली.

"तुह्यी काकू तीस वरीस या दोन खोल्याइत फिरली. पानी, चारा, भाकर, दोन पोरीयचे लग्नं. म्या बाजारातून येवो अन उद्याच्या बैलाचं बोलत बसो. दवाखान्यात नेलं तवा डॉक्टरनं मले इचारलं, यांचे पाय कवापासून सुजले? मले सांगता नाही आलं." हाताला लागलेलं पीठ त्यांनी बोटानं खरवडून काढलं. "खुराचा एवढा जानकार मी. परतवाड्याहून मानसं येत मले इचाराले."

मी खिशातून फोन काढला. वकीलसाहेबांना लावला.

"दिनेश खेळेल रविवारी," मी म्हटलं.

"शंकरराव, जरा ऐका तर. रॉकीच्या माणसाचा आत्ताच निरोप आला. त्याला एवढ्या सामन्यापुरता यायचंय. तुम्ही ठरवलेल्याच्या निम्म्यात."

निम्म्यात. माझ्या भावाच्या निम्म्यात! तीन महिने घासाघीस करूनही मला जे जमलं नसतं, ते आपणहून चालत आलं होतं.

"फुकट दिला तरी नको," मी म्हणालो. हे माझंच तोंड बोललं, यावर मला अजून विश्वास बसत नाही.

"मग मतदान घ्यावं लागेल."

"घ्या. मी आन काकाजी, दोन मतं. राह्यले तिघं. त्यातल्या दोघाइचे ट्रॅक्टर माह्या दुकानात उघडून पडले हायेत. लोकशाही हाय, घ्या मतदान." आणि फोन ठेवला.

काकाजींनी एक ताट माझ्यापुढे सरकवलं. टोपलीत चार भाकरी होत्या, कढईत झुणका.

"एवढ्या कोनासाठी करता?" मी विचारलं.

"हाताले दोघाइचीच सवय हाय. एकाचं पीठ घेता येत नाही मले अजून. सांजले उरलेली गाईले देतो."

मी बसलो. एक खाल्ली, दुसरी खाल्ली. झुणका तिखट होता, नाकातून पाणी येत होतं. तिसरी घेतली. चौथी त्यांच्यासाठी राहू द्यावी म्हणून हात आखडला, तर ती त्यांनीच माझ्या ताटात टाकली, टोपली उलटी करून झटकली आणि रिकाम्या टोपलीकडे पाहत राहिले.

"संपल्या," ते म्हणाले.

मग गुडघ्यावर हात देऊन उठले, डबा उघडला आणि पुन्हा पीठ काढायला लागले. पीठ कमी पडलं म्हणून इतका खूश झालेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही.