दुपारकाकांचं मौन

श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाची तयारी मॅडमनी जातीनं केली होती आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं. मॅडम एखादी गोष्ट जातीनं करायला घेत, तेव्हा त्या कुणालाही काही विचारत नसत.

मॅडम विद्यापीठात संज्ञापन विभागाच्या प्राध्यापक होत्या आणि विद्यापीठाच्या रेडिओ केंद्राच्या प्रमुखही. केंद्र म्हणजे ग्रंथालयाच्या गच्चीवरच्या दोन खोल्या. एकीत माईक, दुसरीत यंत्रं आणि दोन्हीत मिळून एक पंखा. या केंद्राचा आवाज आजूबाजूच्या वस्तीपलीकडे जात नसे, पण वस्तीत मात्र घराघरांत जाई. कुठली बस आज बंद आहे, पाणी कधी येणार, कुणाची छत्री दवाखान्यात राहिली आहे, हे सगळं लोकांना इथून कळायचं.

आणि हे सांगणारे होते दुपारकाका. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त झालेले गृहस्थ. रोज दुपारी दोन ते तीन ते फुकट बोलायचे. 'बोलायचे' याखेरीज त्या कार्यक्रमाचं दुसरं वर्णन करता येत नसे. बसवरून ते गुडघेदुखीवर जात, गुडघेदुखीवरून जावयांवर आणि जावयांवरून परत बसवर. संज्ञापनाच्या कुठल्याही पुस्तकात असला प्रकार बसत नव्हता, आणि मॅडमनी पुस्तकं पुष्कळ वाचली होती.

तीन महिन्यांपूर्वी मॅडमनी श्रोत्यांची शास्त्रशुद्ध पाहणी केली. विद्यार्थ्यांनी वस्तीत फोन केले, तक्ते केले, तक्त्यांना रंग दिले. दोन ते तीनच्या रकान्यात श्रोते निघाले शून्य. मॅडमनी काकांना बोलावून घेतलं आणि कार्यक्रम बंद होत असल्याचं सांगितलं. काका म्हणाले, "बरं झालं. घशालाही जरा सुट्टी." मग चष्मा डबीत घातला आणि जिना उतरून गेले. त्या वेळेत संगणक आपोआप गाणी वाजवू लागला. तक्त्यातलं शून्य शून्यच राहिलं, पण ते आता आधुनिक झालं.

गेल्या आठवड्यात काका गेले. दुपारी वामकुक्षीला म्हणून आडवे झाले ते उठलेच नाहीत. बातमी ऐकली आणि मॅडमनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. आपण या माणसाला निदान बसवून चहा तरी पाजायला हवा होता, असं त्यांना राहून राहून वाटत होतं. आता चहा पाजता येणार नव्हता. म्हणून त्यांनी कार्यक्रम ठरवला. काकांच्याच वेळेला, दुपारी दोनला.

त्यांनी काकांच्या बायकोला, काकूंना, फोन केला.

"काकू, तुम्ही ऐकाल ना?"

"ऐकीन की. रेडिओ कुठं ठेवलाय ते बघते आधी."

एवढ्यावरच मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकी कुणी ऐको न ऐको, काकूंच्या कानावर आज सगळं नीटनेटकं पडायला हवं, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं.

पावणेदोनला केंद्राचा तंत्रज्ञ दारातून डोकावला. "मॅडम, मी थांबू का?"

"आधी दोन मिनिटं मौन आहे. मौन पाळायला तंत्रज्ञ कशाला लागतो? जेवून या तुम्ही."

तंत्रज्ञाला काहीतरी बोलायचं होतं. पण एकदा नको म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारायचं नाही, या एका नियमावर त्याची नोकरी आजवर सुखात चालली होती. तो जेवायला गेला.

दोन वाजता मॅडमनी गंभीर आवाजात घोषणा केली. "आपण सारे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या." त्या उभ्या राहिल्या. शेजारी खास आलेले कुलसचिव उभे राहिले. स्टुडिओत माईक चालू असला की तिथले स्पीकर आपोआप बंद होतात, त्यामुळे खोलीत खरोखरच शांतता होती. फक्त कुलसचिवांचा बूट अधूनमधून कुरकुरत होता.

मौन संपलं. कुलसचिव बोलायला बसले. आयुष्यभर त्यांनी परिपत्रकं काढली होती. त्यांना हुंदका येऊ शकतो, हे विद्यापीठात कुणाला ठाऊक नव्हतं. तो आला. काकांनी निकालाच्या दिवसांत रडणाऱ्या मुलांना स्वतःच्या डब्यातलं कसं खायला घातलं, ते त्यांनी सांगितलं. मॅडमनी चष्मा पुसला आणि समारोप केला. "मघाच्या त्या शांततेत काकाच आपल्याशी बोलत होते, असं मला वाटतं."

तेवढ्यात फोनचा दिवा लुकलुकायला लागला. मग शेजारच्या फोनचाही.

"बघा सर, प्रतिक्रिया!" मॅडमनी माईक बंद केला आणि फोन उचलला.

"बाई, काका बरे आहेत ना?" पलीकडून शिंप्याच्या दुकानातून कुणीतरी ओरडत होतं. "तीन महिने आवाज नाही, आम्हाला वाटलं घसा बसला असेल. आणि आता म्हणे गेले! लोक काहीही उठवतात बघा."

"अहो, खरंच गेले ते."

"मग आत्ता बोलतंय कोण?"

मॅडम उत्तर शोधत होत्या, पण माईक बंद झाल्यामुळे खोलीतले स्पीकर जागे झाले होते आणि उत्तर तिथून आलं.

"मंडळी, घाबरू नका. मी कुठंही गेलेलो नाही. जरा बिघाड झालाय, होईल नीट. तोवर गॅसवर दूध असेल तर बघून या."

कुलसचिवांनी खुर्ची स्पीकरपासून लांब ओढली. पाठोपाठ एक ठेका धरायला लावणारं गाणं सुरू झालं.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. तंत्रज्ञ आला तो तोंडात घास तसाच घेऊन. उपाहारगृहात रेडिओ लावलेला होता. त्यानं कोपऱ्यातल्या काळ्या पेटीवरचं बटण दाबलं, घास गिळला आणि मग खुलासा केला. रेडिओवर जरा वेळ शांतता पडली, की केंद्र बंद पडलं असं पेटी समजते. आणि काकांनी एकदा भरून ठेवलेला निरोप वाजवते, मग गाणं, मग परत निरोप. बटण दाबेपर्यंत स्टुडिओतलं काहीही बाहेर जात नाही.

"म्हणजे माझं भाषण?" कुलसचिवांनी विचारलं.

"ते इथंच आहे सर. या खोलीत."

"एकही शब्द नाही गेला?"

"तुमचा गळा भरून आला तेव्हा गाण्याचं दुसरं कडवं चालू होतं."

"असल्या पेटीला मान्यता दिली कुणी?"

"तुम्हीच, सर."

कुलसचिव उठले आणि दोघांकडेही न बघता जिना उतरले. एकदाच काय ते मनापासून बोललेला माणूस, आणि त्याचं हे असं झालं. मॅडमना त्यांची दया आली. पण दयेला वेळ नव्हता. दोन्ही फोन थांबत नव्हते.

प्रत्येकाला तीच बातमी पुन्हा द्यावी लागत होती. पलीकडचा आनंदानं बोलायला लागायचा आणि मॅडम त्याला गप्प करायच्या. रक्तदाबाच्या एका आजोबांना काका रोज गोळीची आठवण करून द्यायचे, त्यांनी आज खूश होऊन दोन गोळ्या घेतल्या होत्या. त्यांना आधी डॉक्टरकडे धाडावं लागलं. बसवाल्याचा फोन आला, काका त्याच्या बसला 'आपली म्हातारी' म्हणायचे. एका आजींची हरवलेली मांजर काकांनी चार दिवस शोधली होती, आणि ती आजींच्याच कपाटात होती.

शेवटी मॅडमना राहवेना. मांजरवाल्या आजींना त्यांनी विचारलंच. "आजी, तुम्ही इतके सगळे जण ऐकत होतात, मग आमच्या मुलांनी फोन केला तेव्हा सांगितलं का नाही?"

"कधी केला फोन?"

"तीन महिन्यांपूर्वी. आठवडाभर, रोज दुपारी दोन ते तीन."

"अगं बाई," आजी म्हणाल्या, "दोन ते तीन फोन कोण उचलणार? काका चालू असायचे ना."

मॅडमनी फोन हळूच खाली ठेवला. विद्यार्थ्यांना त्यांनीच शिकवलं होतं : ज्या वेळेचा कार्यक्रम, त्याच वेळेला फोन करायचा, फोन उचलला नाही, तर श्रोता नाही. पाहणी अगदी शास्त्रशुद्ध झाली होती. फक्त तिच्यात एक माणूस चिरडला गेला होता.

"मॅडम, काकांचे जुने कार्यक्रम लावू या का?" तंत्रज्ञानं विचारलं आणि लगेच जीभ चावली. संगणकात गाण्यांना जागा हवी म्हणून ते सगळे मॅडमनीच पुसायला लावले होते.

संध्याकाळची वाट न बघता मॅडम काकूंच्या घरी निघाल्या. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली. मी चुकले. मी त्यांचा कार्यक्रम बंद केला. मला माफ करा. एवढंच सांगायचं, आणि रडायचं नाही.

काकू पलंगावर टेकून बसल्या होत्या. उशाशी रेडिओ.

"ये गं. ऐकला हो कार्यक्रम," मॅडमनी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या. "मला मेलीला ते मौन काही कळलंच नाही. दोन मिनिटं गप्प बसणं त्यांना जन्मात जमलं नाही, मी म्हटलं, आताही जमत नाहीये."

आणि त्या हसल्या. मॅडमनाही हसू आलं, मग त्याचीच लाज वाटली.

"काकू, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"आधी माझं ऐक. पहिल्यांदाच ऐकलं मी त्यांना रेडिओवर. खरंच. ते गेले की घर शांत व्हायचं, मी जरा लवंडायची. वाटायचं, घरी दिवसभर ऐकतेच आहे, परत विकतचं कशाला?" काकूंनी रेडिओवरची धूळ पदरानं पुसली. "आणि चांगलं बोलायचे गं. ऐकायला हवं होतं. शेवटपर्यंत नेमानं जायचे बघ, दीड वाजला की चष्म्याची डबी खिशात. गेल्या सोमवारीसुद्धा. तेवढा एक मंगळवार म्हणाले, आज नको, पडतो जरा."

तीन महिने हा माणूस रोज दीडला घरातून निघत होता. कुठं बसत होता, कुणाशी बोलत होता, कुणास ठाऊक. आपण त्याच वेळी विभागात बसून तक्ते तपासत असू, असं मॅडमच्या मनात आलं.

"तुम्ही सगळ्यांनी त्यांना शेवटपर्यंत सांभाळून घेतलंत," काकू म्हणाल्या. "एरवी म्हाताऱ्या माणसाला कोण माईकसमोर बसवतं? तुझे उपकार आहेत."

वाटेत जुळवलेली वाक्यं मॅडमनी मनातल्या मनात परत पहिल्यापासून जुळवायला घेतली.

"एक सांग मला," काकूंनी त्यांचा हात धरला. "सोमवारी काय बोलले गं ते? शेवटचं? मी झोपले होते."

खरं सांगायची हीच वेळ होती. मॅडमनी काकूंच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना तेवढा धीर होईना. टिपणाशिवाय त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या.

"सोमवारी ना," त्या म्हणाल्या, "सोमवारी आधी बसचं सांगितलं. म्हणाले, आपली म्हातारी आज दुरुस्तीला गेलीय, तेव्हा चालत या, वजन कमी होईल."

"हे असंच बोलायचे!" काकू खुदकन हसल्या.

"मग आजोबांना म्हणाले, गोळी घ्या, पण एकच." मॅडमना आता शब्द सापडत होते. बसवरून त्या मांजरीवर गेल्या, मांजरीवरून शिंप्यावर, शिंप्यावरून कपड्यांवर आणि कपड्यांवरून जावयांवर. कुठल्याही पुस्तकात बसणार नाही असं त्या बोलत होत्या. काकू हुंकार देत होत्या. मग हुंकार लांबले, मान उशीवर कलली आणि हाताची पकड सैल झाली. काकूंना झोप लागली होती.

आता कुणीच ऐकत नव्हतं. मॅडमनी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि उद्या पाणी उशिरा येणार असल्याचं सांगायला सुरुवात केली.