दोन साडूंचं एकच नाटक

लोणंदकडची जत्रा बघून नाटकमंडळीतला कृष्णात परतला, तो थेट सुभेदार लालासाहेबांच्या ओसरीवर येऊन आदळला. "सुभेदार, घात झाला! आपलं नाटक तिकडं काल हून गेलं."

"आपलं? आरं, आपलं अजून पुरतं लिवून बी झालं न्हाई."

"तेच तर सांगतोय. रिटायर फौजी घरी येतोय, समद्या घराला कवायत लावतोय, म्हशीची बी हजेरी घेतोय, आन् शेवटाला बायको बंड करती. लोक हसून लोळत व्हते. लिवलंय कुणी म्हाईत हाय? तुमच्या साडूनं!"

साडू म्हणजे हवालदार नानासो. दोघांनी दोन सख्ख्या बहिणी केल्या, दोघेही फौजेतून निवृत्त झाले, आणि एकानं घराला रंग दिला की दुसऱ्याला झोप यायची नाही. लालासाहेबांनी जन्मात पहिल्यांदा नाटक लिहिलं होतं. रहिमतपूरजवळच्या त्यांच्या गावची जत्रा आठ दिवसांवर आली होती. शेवटचा प्रवेश तेवढा राहिला होता, आणि चौकातल्या बोर्डावर 'लेखक : सुभेदार लालासाहेब' असं पेंटरनं ठळक रंगवलं होतं. त्या बोर्डासमोरून ते रोज उगाच दोन फेऱ्या मारायचे. आता गाव म्हणणार, साडूचं चोरलं! रागानं त्यांच्या मिशा थरथरल्या.

कृष्णातनं ते नाटक मोबाइलवर घेतलं होतं. तो मोबाइल आणि आपली वही घेऊन लालासाहेब दुसऱ्याच दिवशी साताऱ्याला वकिलाकडे निघाले. त्यांच्या पत्नी अंबूबाईंना डोळे तपासायचे होते, म्हणून त्याही बरोबर निघाल्या. नाटकाचं त्यांना अवाक्षर ठाऊक नव्हतं. घरच्या बायकांनी नाटक पाहायचं ते जत्रेतच, तालमीकडे फिरकायचं नाही, ही गावची जुनी रीत. ही रीत ज्यानं कुणी घातली तो माणूस धूर्तच असला पाहिजे.

वकील दिग्विजय वयानं तरुण, पण स्वभावानं थंड. अंबूबाई भिंतीकडेच्या बाकावर टेकल्या.

"सरळ चोरी हाय," लालासाहेब म्हणाले. "गोष्ट माझी, फौजी माझा, म्हस बी माझीच."

"सुभेदार, नुसत्या गोष्टीवर कुणाची मालकी नसते. फौजी घरी येतो, शिस्त लावतो, बायको वैतागते, ही झाली कल्पना. त्यावर बारा गावांत बारा नाटकं होऊ देत. तुम्ही ती ज्या शब्दांत मांडलीत, ते मात्र तुमचं."

"म्हंजे हीर मी खणली, आन् पाणी कुणीबी न्यावं?"

"पाणी न्यावं. तुमची बादली नेऊ नये."

"बादलीच न्हेलीया! ऐका." लालासाहेबांनी मोबाइल सुरू केला. रंगमंचावरची बायको कडाडली, 'तीस वर्सं सरकारनं वापरलं, आन् खिळखिळं झाल्यावर माझ्या दारात आणून टाकलं!' वकिलांनी वही उघडली. अक्षर न् अक्षर तेच. ते खुर्चीत सावरून बसले.

"तुमास्नी पेन्शन लागली, माझी ड्यूटी कवा संपायची?" हे वाक्य मात्र मोबाइलमधून आलं नाही, बाकावरून आलं. आणि मागोमाग मोबाइलमधली बायकोही तेच बोलली.

"काकू, तुम्ही नाटक वाचलंय?"

"न्हाई बा. हे मीच बोलले हुते. दिवाळीत, भांडी घासताना."

वकील वहीतलं अर्धं वाक्य वाचायचे, उरलेलं अंबूबाई पुरं करायच्या. म्हशीवरचं, वाळवणावरचं, सुभेदारांच्या घोरण्यावरचं, सगळं. लालासाहेब खिडकीतून अजिंक्यतारा बघत बसले.

"मग साडूकडं कसं ग्येलं?" शेवटी ते पुटपुटले.

"माझ्या भणीचा, शालनचा, रोज दुपारी फोन असतोय की. आज तुमास्नी काय सुनावलं ते मी तिला सांगती. बरं वाटलं तर ती तेच तिकडं ऐकवती."

वकिलांनी वही मिटली. "सुभेदार, शब्दांवरून दावा लावायचा, तर तो काकूंनी लावायचा. तुम्हा दोघांवर."

एसटीत बसल्यावर अंबूबाई एवढंच म्हणाल्या, "आता मी काय बोलायचीच न्हाई, आन् शालनला बी तेच सांगनार हाय. बोललं की तुमी लिवताय." आणि त्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

पहिल्या दिवशी लालासाहेबांना बरंच वाटलं. घर कसं शांत! संध्याकाळी शेवटचा प्रवेश लिहायला बसले. 'बायको :' असं लिहिलं आणि पुढे काही सुचेना. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. मग त्यांनी मुद्दाम ओला टॉवेल गादीवर टाकला. चिखलाचे बूट घेऊन चुलीपर्यंत गेले. कालवणाला नावं ठेवली. अंबूबाईंनी टॉवेल वाळत घातला, फरशी पुसली आणि आणखी एक भाकरी वाढली. तोंडातून ब्र नाही.

तिसऱ्या दिवशी नानासोंचा फोन आला. आवाज पार पडलेला. "साडू, तुमच्यात बी बोलणं बंद हाय का हो?"

"बंद."

"लय अवघड झालंय गड्या. घर खायला उठतंय."

लालासाहेबांनी फोन ठेवला. नाटकाचं राहू दे, पण खरंच घर खायला उठलं होतं. तीस वर्षं बर्फात नि वाळवंटात काढली ती याच आवाजाच्या ओढीनं, आणि तोच आपण चोरून स्वतःच्या नावावर खपवला. त्यांची त्यांनाच लाज वाटली. ते उठले आणि तरातरा चौकात गेले. भर दुपारी, चार माणसांदेखत, त्यांनी पेंटरला बोर्ड पुसायला लावला.

"सुभेदार, डोकं फिरलं का काय?" कृष्णात ओरडला.

"फिरलं हुतं, आता जाग्यावर आलं. लिव रं. लेखिका, अंबूबाई."

बातमी घरी पोचायला कितीसा वेळ लागतो? शेवटचा 'ई' सुकायच्या आत अंबूबाई पदर सावरत चौकात हजर झाल्या. बोर्ड वरपासून खालपर्यंत बघितला.

"आन् तुमचं नाव?"

"माझं कशाला? माझं त्यात हाय तरी काय?"

अंबूबाई पेंटरकडे वळल्या. "ह्यांचं बी घाल रं बाबा, खाली."

"काय म्हणून घालू, काकी?"

"गोष्ट ह्यांची, म्हणून घाल. हे असं वागले नसते, तर मी एवढं बोलले असते कुणाला?"